जर्मनीला विनंतीअर्ज

१२ सप्टेंबर २००२
सगळं बदललं ते आज दुपारी सव्वाबाराला. थोरात सरांच्या केबिनचं दार मी आपटलं आणि त्याची काच खाली आली.

झालं असं. सर एस.वाय.ची बॉटनीची जर्नलं तपासत होते. माझं उघडलं, पानं उलटली आणि सगळ्या लॅबला ऐकू जाईल असं म्हणाले, "दिगंबर, आकृत्या फार सुरेख आहेत. ज्याने काढल्या त्याला माझा नमस्कार सांग." मागनं कोणीतरी बोललं, "त्याला न्हाई सर, तिला." सगळी हसली. तिनं मान खाली घातली. तिचं नाव लिहीत नाही, वही दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, हाती लागली तर घरात महाभारत. नुसतं वै. लिहीन.

मग सरांनी वै.ला केबिनमध्ये बोलावलं. दुसऱ्याचं जर्नल काढून दिलं म्हणून तिचेही मार्क कापणार. मी न विचारता आत घुसलो. काय काय बोललो ते नीट आठवत नाही. "सर झालात म्हणून काय झालं" एवढं आठवतंय. सर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "झालं असेल तर जा. जाताना दार लावून घे."

घेतलं लावून.

१३ सप्टेंबर
वै. स्टँडवर भेटली, जुन्नरच्या गाडीची वाट बघत. मला वाटलं होतं... काय वाटलं होतं ते लिहायची आता लाज वाटते.

"माझ्यासाठी भांडलो असं कुणाला सांगत फिरू नकोस. मी सांगितलं नव्हतं. तुझं तू भांडलास."

गाडी आली, चढली. खिडकीत बसली पण बघितलं समोर.

माफी मागितल्याशिवाय सर वर्गात घेणार नाहीत म्हणे. मग राहिलं.

१७ सप्टेंबर
दादांना कळलं.
"काच कुनाची व्हती?"
"कॉलेजची."
"मग कालिजानं तुला फोडाया दिल्ती?"
आई मधे पडली तर तिलाही दोन शब्द. शेवटी ठरलं, कॉलेज बंद, नारायणगावला मामाच्या गाळ्यावर जायचं. मी म्हणालो बरंच झालं. दादा म्हणाले, "बरं वाटाया तुला लग्नाला न्हाई धाडीत."

५ ऑक्टोबर, नारायणगाव
टोमॅटोचा हंगाम जोरात. सकाळपासून जीपा, पिकअप, ट्रॅक्टर. मामाच्या गाळ्यावर माल निवडायचं काम माझ्याकडं. मामा म्हणतो, "कालिजात काय शिकवत्यात मला म्हाईत न्हाई. हितं हात शिकतो." पूर्ण लाल झालेला इथंच खपवायचा. बुडाला नुसता गुलाबी ठिपका आलेला दिल्लीच्या ट्रकमध्ये. डोळ्यांनी बघून होत नाही, बोटाला कळतं. मला अजून कळत नाही. मामाला पाठीमागनं पण कळतं.

८ ऑक्टोबर
वै. आठवते. बाकी काही नाही.

२० जून २००४
वही आईनं जुन्या ट्रंकेतनं काढली. वीस महिने एक ओळ नाही. लिहिण्यासारखं काय होतं. टोमॅटो, क्रेट, टोमॅटो. बोटाला आता कळतं, एवढं एक.

आज लिहायला कारण आहे. वै. गाळ्यावर आली. स्वतःहून. बी.एस्सी. फर्स्ट क्लास झाली ते पेपरात वाचलं होतं. म्हणाली, "जर्मनीला चाललेय, एम.एस्सी.ला. सप्टेंबरमध्ये. तिथल्या युनिव्हर्सिटीत फी नसते, राहण्याखाण्याचं बाबा बघतायत." तिचे बाबा जुन्नरला मास्तर, त्यांनीच तिला फॉर्म आणून दिले.

मी म्हणालो, "जा की."

ती गेल्यावर एका क्रेटला लाथ घातली तर अख्खी थप्पी कोसळली. मामा आला. "कुनावर राग?" "कुनावर न्हाई." "मग त्या टमाट्यानं तुझं काय घोडं मारलं?"

संध्याकाळपर्यंत सांडलेले वेचत होतो.

२३ सप्टेंबर २००४
वै. गेली. जुन्नर स्टँडवर निम्मी आळी जमली होती पोचवायला, मी चिक्कीच्या गाड्याआड. तिला दिसलो. पाणी घ्यायच्या निमित्तानं आली, चिठ्ठीवर ई-मेल लिहून दिला.

"लिही. पण रडगाणं नको मला. काहीतरी बघ आणि ते लिही."

एवढंच. गाडी शिवनेरीच्या वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत...

१९ नोव्हेंबर २००४
पहिली मेल. सायबर कॅफेत दुपारी गर्दी नसते. तिनं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंय, वाचायला लढाई. तरी तीनदा वाचली.

एका स्वयंपाकघरात सातजण. फडताळाचा एकेक खण एकेकाचा. शेजारची कॅमेरूनची मुलगी हिच्या आमटीला रोज नावं ठेवते आणि रोज खाते. रविवारी दुकानं बंद असतात हे कुणी सांगितलं नव्हतं, पहिला रविवार बिस्किटांवर काढला. आणि एक प्राध्यापक भर वर्गात म्हणाले, "ह्याचं उत्तर मला माहीत नाही." वै. लिहिते, मी पेन खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले.

शेवटी माझ्यासाठी म्हणून: "इथे टोमॅटो देठासकट विकतात. अख्खा घोस, हिरव्या फांदीला लटकलेला. तुमच्याकडे देठ का काढता रे?"

का काढतो? मामाला विचारलं. "ठिवला तर क्रेटात शेजारच्याला भोसकतो. अन् त्यो मेल्यावर दोघं नासत्यात." बरोबर आहे. पण काढला तरी नासतोच, आणि नासायला सुरुवात देठाच्याच जागेवरून होते. हे मी दोन वर्षं बघतोय आणि मला कधी...

२२ नोव्हेंबर
ठरलं. मी पण जाणार. वै. म्हणते तिथं भाजीपाला-फळबागेचं वेगळं शिक्षण आहे, तिच्याच युनिव्हर्सिटीत. एकाच गावात. दादांना सांगितलं. दादा गोठ्यात होते. माझ्याकडं न बघता म्हशीला म्हणाले, "आईक. कालिज सोडून पळाल्यालं पोरगं जर्मनीला शिकाया चाललंय."

६ डिसेंबर २००४
मामाचं मत: परदेश असला तरी काम सरकारी. सरकारी काम म्हणजे शेखचाचा. तहसील कचेरीच्या कुंपणाला टेकून त्यांचं टेबल, त्यावर टाइपरायटर, वर छत्री. आख्खा जुन्नर तालुका त्यांच्याकडनं अर्ज लिहून घेतो. चाचांचा अर्ज परत येत नाही अशी ख्याती.

चाचांनी कागद चढवला. "गाव निमगाव सावा. तालुका जुन्नर. कोणत्या जिल्ह्याकडे?"
"जर्मनी."
"अरे बाबा, जिल्हा विचारतोय."
"जिल्हा न्हाई चाचा, देश हाये."
चाचांनी चष्मा कपाळावर घेतला, विचार केला आणि परत खाली. "असू दे. साहेब कुठलाही असो, त्याला विनंती लागते."

आणि इंग्रजीत सुरू. मोस्ट रिस्पेक्टफुली अँड हंबली. अर्जदार गरीब शेतकऱ्याचा मुलगा असून...
"आमी गरीब न्हाई चाचा. बागाईत हाये."
"अर्जात सगळे गरीबच असतात. तू मला शिकवू नको."
अर्जदार प्रामाणिक व आज्ञाधारक आहे. अर्जदारास शिक्षणाची अत्यंत आवड आहे. तरी मायबाप साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा. खाली सही, सहीवर कोर्ट फी स्टॅम्प. मी म्हणालो स्टॅम्प कशाला. "स्टॅम्पाशिवाय कागद म्हणजे नुसता कागद."

सोबत रहिवासी दाखला, एफ.वाय.चं मार्कशीट आणि सरपंचाचा वर्तणुकीचा दाखला. सरपंच दादांचे मित्र. लिहिता लिहिता थांबले. "ती काच धरायची का रे?" म्हटलं नका धरू. जांभळा शिक्का मारला. चाचांनी पैसे घेतले नाहीत. "लागलं काम तर पेढे आण."

पोस्टात टाकलं. लई हलकं वाटतंय.

१८ फेब्रुवारी २००५
उत्तर आलं. पोस्टमननं गाळ्यावर आणून दिलं, सगळे हमाल भोवती गोळा. परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या कोणी लेमान बाई आहेत, त्यांचं पत्र. इंग्रजी सोपं. एका छोट्या पाकिटात स्टॅम्प परत पाठवलेत, वाफेवर नीट सोडवून. "हे बहुधा चुकून चिकटले असावेत." सरपंच म्हणजे युनिव्हर्सिटीतलं कोणतं पद, असं विचारलंय.

मग: माझं एकच वर्ष झालंय, ते पुरत नाही. इथल्या कॉलेजची दोन वर्षं पास पाहिजेत, मग तिकडं तयारीचं एक वर्ष, मग खरा प्रवेश. एखाद्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र पाहिजे.

आणि शेवटचा परिच्छेद. पाठच झालाय. "आपण गरीब, प्रामाणिक व आज्ञाधारक आहात हे आम्ही वाचले. आपल्याला काय शिकायचे आहे आणि का, ते मात्र अर्जात कुठेही सापडले नाही. कृपया एका पानात स्वतःच्या शब्दांत कळवावे."

डोकं सणकलं. मोठ्यानं वाचलं तर हमाल हसले. फाडणार होतो, पाकीट फाडलंसुद्धा. पत्र राहिलं.

१९ फेब्रुवारी
चाचांना दाखवायला जुन्नरला गेलो. भांडायलाच गेलो होतो खरं तर. चाचांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, टाइपरायटरवर ठेवलं.

"एवढे अर्ज लिहिले या हातानं. एकाही साहेबानं उलटून विचारलं नाही, बाबा तुला काय पाहिजे." मग पत्र माझ्या हातात देत, "हे तुझं तुलाच लिहावं लागणार. माझ्या मशीनमध्ये ही अक्षरं नाहीत."

चहा पाजला. भांडायचं राहूनच गेलं.

४ मार्च
वै.ला सगळं लिहिलं. 'आज्ञाधारक' वाचून खुर्चीवरून पडले म्हणते. मग गंभीर. "म्हणजे आधी दुसरं वर्ष. म्हणजे थोरात सर. जमेल?"

आणि खाली एक ओळ. "माझी वाट बघत बसू नकोस. मी पण बघत नाही. पण आलास तर स्टेशनवर घ्यायला येईन."

ह्या ओळीचं काय करायचं. चांगली की वाईट? प्रिंट काढून घेतली.

काय शिकायचं आहे आणि का. चार वेळा लिहायला बसलो. प्रत्येक वेळी खरं उत्तर येतं ते एका अक्षराचं, वै. ते जर्मनीला कसं कळवणार.

१४ जून २००५
कॉलेजला गेलो. केबिनपर्यंत. दाराला नवी काच, बाकीच्या खिडक्यांपेक्षा जरा हिरवट. आत सर पाठमोरे, काहीतरी शोधत होते. जीपमध्ये वाक्य पाठ केलं होतं, सर माझ्याकडून जे घडलं त्याबद्दल. वाक्य गेलं. मी पण आलो परत.

१५ जून
दादा जेवताना, "काय रं, झाली का जर्मनी?" ताट सरकवून उठलो. आई म्हणाली, "ताटावर कशाला राग. जा की उद्या परत. दार काय पळून जातंय का."

१६ जून
गेलो. टकटक केली.
"ये. बस."
"सर, ते काचेचं—"
"काच त्याच आठवड्यात बसवली. तू मात्र तीन वर्षं लावलीस. आकृत्यांचं बोल."
"माझ्या नव्हत्या सर."
"ते मला तेव्हाच माहीत होतं. तुला कधी कळलं?"
"चुकलं माझं," म्हणालो. तोंडातून निघालं खरं, पण कपाटाकडं बघून.

सरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एस.वाय. पुन्हा पहिल्यापासून, सगळ्या तासांना. आणि जर्नल नवं कोरं, एकूण एक आकृती माझ्या हातची, दर शनिवारी दाखवायची. लेमान बाईंचं पत्र दाखवलं नाही. शिफारसपत्राचं तर नावच काढलं नाही. आज एवढंच पुरे.

येताना जीपच्या टपावर बसलो. वारा बरा वाटला.

२ जुलै
वर्गात सगळी माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. मला भाऊ म्हणतात. मागच्या बाकावरून एकजण, "अरे हाच तो काचवाला." वळलो. हात वर गेला होता. मग त्याच हातानं केस सारखे केले. पोरगं पांढरंफटक.

सकाळी कॉलेज, दुपारनंतर गाळा.

३० जुलै
कांद्याच्या पापुद्र्याची आकृती चौथ्यांदा नापास. सर म्हणाले, "ही तू पुस्तकातनं काढलीस. मायक्रोस्कोपखाली जे दिसतं ते काढ. जे दिसत नाही ते काढू नकोस, मग पुस्तकात असलं तरी."

मी म्हणालो, मला तर नुसत्या वाकड्यातिकड्या विटा दिसतायत.
"मग विटा काढ."
काढल्या. सही मिळाली. तीन वर्षांत पहिली.

११ सप्टेंबर २००५
गाळ्याच्या खिडकीत बारा टोमॅटो मांडले. एकाच वावरातले, एकाच सकाळी तोडलेले. सहा देठासकट, सहा बिनदेठाचे. रोज दुपारी तीनला प्रत्येकाचं चित्र. मामा बघून गेला. "इकायचं सोडून पूजा मांडली काय?" हमाल येता-जाता नमस्कार करतात. एकानं उदबत्ती लावली.

१७ सप्टेंबर
बिनदेठाच्या चौघांना खळीपाशी काळी कड. देठवाल्यांपैकी एकालाच. चित्रं बरी जमतायत. चौथ्या दिवसाचं चित्र पहिल्याशेजारी ठेवलं की ते कसं चढत गेलं ते दिसतं. नुसतं बघताना दिसत नव्हतं.

१९ सप्टेंबर
सरांना दाखवली. जर्नलचा भाग नाही म्हटलं, असंच आपलं. सर खिडकीपाशी घेऊन गेले, बराच वेळ बघत होते. "सहा-सहा फार थोडे. शंभर घे. आणि सकाळी तोडलेले, दुपारी तोडलेले, वेगळे ठेव."
"देठाचं असं का होतं सर?"
"मला माहीत नाही."

मी पेन खाली ठेवलं.

२५ सप्टेंबर
शंभर टोमॅटो कुठं ठेवणार. मामानं माळ्यावरची जागा रिकामी करून दिली. म्हणतो, "नासलं की मला सांग आधी, जर्मनीला मागनं."

१८ डिसेंबर २००५
दर रविवारी पुण्याला जर्मन शिकायला. पहाटेची एस.टी. मंचरपर्यंत पाठांतर, पुढं झोप. आज मोठ्यानं क्रियापदं चालवत होतो, शेजारचे बाबा घोडेगावचे, लांब लांब सरकले. शेवटी म्हणाले, "पावणं, तब्येत बरी हाय न्हवं?" सांगितलं जर्मन शिकतोय. पुढचा सगळा रस्ता मला त्यांच्या नातवासाठी स्थळं विचारत होते, तिकडची.

ह्या भाषेत क्रियापद आपल्यासारखंच पुष्कळदा शेवटी येतं. मला वाटलं होतं त्याहून जवळची आहे.

१० मार्च २००६
वै.ची मेल. एम.एस्सी. संपत आली. पीएच.डी. मिळाली, दुसऱ्या गावी. सप्टेंबरपासून. मी जिथं अर्ज करतोय तिथून आगगाडीनं आठ तास.

"तुला आधी सांगायला हवं होतं. मलाही काल कळलं. रागावशील माहीत आहे. पण तू अर्ज कर. मला वाटतं तू करशील."

स्टेशनवर कोण येणार मग?

घरी आलो आणि सरळ जर्नल घेतलं. दोन्ही हातांत धरलं. आई चुलीपाशी, बघत होती. पहिलं पान कांद्याचं. माझ्या विटा. फाटेना. कागद जाड होता असं नाही. तीन वर्षांपूर्वीचं जर्नल असतं तर सहज फाडलं असतं, ते तिचं होतं.

परत दप्तरात ठेवलं.

११ मार्च
काल-आज ना कॉलेज ना गाळा. दादा आले, ओसरीवर माझ्याशेजारी बसले. कधी बसत नाहीत.
"काय झालं? वै. दुसऱ्या गावाला गेली?"
मी बघतच राहिलो.
"ट्रंकेतली वही काय तुझ्या आईनं एकटीनंच वाचली व्हय? अन् वै. कोन ते साऱ्या शिवाराला ठावं हाये." बिडी पेटवली. "ती गेली. टमाटे बी गेले का तिच्यासंगं?"
मी पायरीवरची माती बोटानं उकरत राहिलो.
"माळ्यावर शंभर मांडून ठिवल्यात. मामा म्हनतो, हितं दोन दिस कोन चितारणार त्यास्नी. मला तर काय जमत न्हाई."

१२ मार्च
गाळ्यावर गेलो. दोन दिवसांची चित्रं बुडाली. तारीख घालून जागा कोरी सोडली. जे दिसलं नाही ते काढायचं नाही.

२४ एप्रिल
शेवटचा पेपर. बॉटनी प्रॅक्टिकलला बाहेरगावचे परीक्षक. जर्नल चाळताना म्हणाले, "हात चांगला आहे. कुणाचा?" थोरात सर खिडकीशी उभे होते. मी म्हणालो, "माझा." सर खिडकीबाहेरच बघत राहिले.

१९ जून
पास. बॉटनीत वर्गात दुसरा. दादांना फोन केला तर म्हणाले, "पैला कोन?" आई मागनं, "द्या फोन इकडं."

चाचांना पेढे दिले. म्हणाले, अजून काम कुठं लागलंय? म्हटलं तरी घ्या. घेतले. दोन.

२८ जून
पान लिहून झालं. चाचा नाहीत, डिक्शनरी थोडीशी, बाकी मी. 'मी गरीब नाही' अशी सुरुवात केली. लेमान बाईंनी वाचलं होतं म्हणून खुलासा. मग: मी टोमॅटो निवडतो. कुठला दिल्लीपर्यंत टिकेल ते माझ्या बोटांना कळतं, पण का ते मला कळत नाही. देठ ठेवला तर तो शेजारच्या टोमॅटोला भोसकतो, काढला तर त्याच जागेवरून सडतो. तुमच्याकडे देठासकट विकतात असं ऐकलं. आमचे रस्ते आणि आमचे क्रेट यांच्यात ते कसं जमेल हे मला शिकायचं आहे. आमच्या सरांना माहीत नाही. मी विचारलं.

वै.ला पाठवलं. तिचं उत्तर तासाभरात. "ह्यात मी कुठेच नाही." मग खाली, "बरं झालं." मग आणखी खाली, "आठ तास म्हणजे रात्रीची गाडी आहे, थेट. चौकशी केली."

हसू का रडू. दोन्ही केलं. कॅफेवाला म्हणाला, भाऊ, टाइम वाढवू का.

४ जुलै २००६
आज सगळं पाकिटात गेलं. दोन वर्षांची मार्कशीटं, जर्मनचं सर्टिफिकेट, पान, वीस चित्रं. राहिलं होतं ते शिफारसपत्र. महिन्याच्या मध्यापर्यंत तिकडं पोचलं पाहिजे, आणि मी गेल्या आठवड्यापर्यंत सरांकडं मागितलंच नव्हतं. मागितलं तेव्हा म्हणाले, "मंगळवारी ये."

मंगळवारी म्हणजे आज. पावसाची भुरभुर, चपला चिखलात. केबिनबाहेर काढून ठेवल्या. सरांनी खणातून बंद पाकीट काढलं, तोंडावर कॉलेजचा शिक्का.
"काय लिहिलंय सर?"
"तुला कळायचं असतं तर उघडं दिलं असतं."
"काचेचं लिहिलंय का?"
सरांनी चष्मा काढला, पुसला. "लिहिलंय."
कानशिलं तापली. जुनी सवय. उठलो, परत बसलो. चार वर्षं होत आली, सर्वांनी सोडून दिलं, सरपंचांनीसुद्धा धरलं नाही, आणि ह्यांनी नेमकं... विचारणार होतो का म्हणून. मग वाटलं, दिसलं ते काढलं त्यांनी. मलाही तेच शिकवलं.
"अजून काय लिहिलंय ते नाही सांगणार?"
"नाही." मग खण सरकवत, "ह्या वर्षी नाही घेतलं तर?"
"पुढच्या वर्षी परत टाकीन. टी.वाय. करीन तोवर. माळा आहेच."
"आणि घेतलं तर?"
"मग तुमाला कळवीन सर. देठाचं."

सरांनी पुढचं जर्नल ओढलं, कुणा पोराचं. पान उलटून कपाळाला आठ्या घातल्या. मला म्हणाले, न बघताच, "जा आता. जाताना दार लावून घे."

पाकीट शर्टाच्या आत घातलं, बटण लावलं. बाहेर आलो. मूठ धरून दार हळूहळू ओढत नेलं, शेवटी कडी बसल्याचा बारीक आवाज आला तोवर सोडली नाही. काच हलली नाही. तिच्यातून सर दिसत होते, हिरवट, लाल पेनानं काहीतरी लिहीत. चपला घातल्या.